वाकडा क्लीट

माझा उजवा पाय चालताना बाहेर पडतो. घड्याळाच्या भाषेत डावा बारावर आणि उजवा एकच्या जरा अलीकडे. लहानपणी आई भर रस्त्यात मागून ओरडायची, "पाय सरळ टाक गं!" म्हणून आयुष्यातले पहिले क्लीट लावताना मी पट्टी घेऊनच बसले. दोन्ही क्लीट एकदम सरळ. रंग लाल, कारण तो बुटांना शोभत होता.

क्लिपलेस हे नाव गंमतशीर आहे. पाय तर पॅडलला पक्का अडकतो, मग क्लिप नाही कशी? पूर्वी पॅडलवर पिंजरा आणि पट्टा असायचा, तो टो-क्लिप. तो गेला म्हणून क्लिपलेस. स्कीचे बूट अडकवणाऱ्या 'लुक' कंपनीने 1984 मध्ये असं पॅडल आणलं आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो त्यावर टूर द फ्रान्स जिंकला. मी मात्र त्यावर पहिल्याच सिग्नलला आडवी झाले. टाच बाहेर फिरवली की पाय सुटतो, हे पडता पडता आठवलं. शेजारचे रिक्षावाले काका म्हणाले, "ताई, पाय टेकायचा ना!"

पडण्याचं काही वाटलं नाही. 200 किलोमीटरची बीआरएम साडेतेरा तासांत संपवायची असते. मी 130 वर सोडली, ते लागलं. उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू पेटली होती. टेम्पोत सायकलशेजारी बसून घरी आले. महिनाभर मी गुडघ्यालाच शिव्या घातल्या.

मग एका रात्री टेबलाच्या कडेवर बसून पाय मोकळे सोडले आणि खाली पाहिलं. उजवा अर्थातच बाहेर. शिमानोच्या लाल क्लीटमध्ये पाय जराही हलत नाही. पिवळ्यात 6 अंश हलायला वाव असतो. म्हणजे माझा पाय प्रत्येक फेरीत बाहेर जाऊ बघत होता, क्लीट जाऊ देत नव्हता, आणि दोघांच्या भांडणात गुडघा पिळला जात होता. मिनिटाला ऐंशी वेळा, तासन्‌तास.

पिवळे आणले. अंगठ्यामागचं उंच हाड चाचपून बुटावर स्केचपेनने खूण केली. क्लीटचा मध्य त्या हाडाखाली, किंवा किंचित मागे. फार पुढे गेला तर पोटऱ्या बोंबलतात. स्क्रूला थोडं ग्रीस. कोनाची गंमत उलटी आहे: बूट बाहेर वळायला हवा असेल तर क्लीटचं नाक आत, अंगठ्याकडे वळवावं लागतं. मी आधी चुकीच्याच बाजूला वळवलं, जिन्याखाली भिंतीला धरून पॅडल मारून पाहिलं, परत खोललं. चार वेळा.

आई पाणी प्यायला उठली होती. बूट उलटा करून म्हणाली, "अगं, हा वाकडा बसलाय."

"असू दे," म्हटलं, आणि चार नंबरच्या ॲलन कीने तिसरा स्क्रू आवळला.

रविवारी जुन्या कात्रज घाटात गेले, पाकिटात तीच ॲलन की ठेवून. वर पोचेपर्यंत ती एकदाच काढली, डाव्या पायासाठी.