एकाच कानाला दडा

पुण्याजवळच्या भोसरीत कारखान्याच्या प्रेस शॉपमधल्या माणसाशी बोलायचं तर वरच्या पट्टीतच. शिफ्ट सुटली तरी इअरप्लग दोरीला लोंबत गळ्यात तसेच. ‘कानाला दडा बसलाय’ ही रोजची तक्रार, आणि उत्तरही ठरलेलं: मशीनचा आवाज.

*

बहुतेकदा ते खरंही असतं. आवाजाने येणारा बहिरेपणा कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत, होता. पण तो वर्षानुवर्षं मुरत येतो, आणि सहसा दोन्ही कानांना. एकच कान चार दिवसांत गेला तर प्रेसला दोष देऊन घरी बसू नये. कारण बहुधा कॅन्सर नसतंच, क्वचित असतंही; काहीही असलं तरी त्याच आठवड्यात तपासून घ्यावं.

*

फुफ्फुसाचा कॅन्सर पसरतो तो मुख्यतः मेंदूत, हाडांत, यकृतात, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत. कानात अगदी क्वचित. रक्तातून आलेल्या पेशी कानाभोवतीच्या हाडाच्या मगजात रुतून बसतात. त्याच हाडातल्या अरुंद बोगद्यातून चेहऱ्याची नस जाते. म्हणून ऐकू कमी येतं, चक्कर येते, आणि कधी तोंड एका बाजूला वाकडं होतं: चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतो, झोपेत एक डोळा मिटत नाही. कान वाहिला तर जुनं दुखणं समजून थेंब घातले जातात. काही रुग्णांत छातीतली गाठ सापडते ती या कानामुळेच.

*

वेल्डिंगच्या धुराने माणसाला फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2017 मध्ये दिला. डिझेलच्या धुराबद्दल तो 2012 मध्येच दिला होता. चाकणचा वेल्डर दिवसभर एक धूर घेतो आणि घरी जाताना तळेगाव चौकात ट्रकांच्या रांगेत दुसरा. तंबाखूचं विचारायलाच हवं, पण ‘विडी ओढता का?’ एवढ्यावर चौकशी संपते, याची मला चीड येते. चार ठेकेदारांकडे काढलेली वर्षं एका कागदावर कुठेच नसतात.

*

खोकला लांबला की टीबीची तपासणी होते, व्हायलाच हवी. पण थुंकीत जंतू नाहीत, गोळ्या चालू, खोकला तसाच, तर छातीच्या सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

*

वायसीएम किंवा ईएसआय रुग्णालयाच्या रांगेत कान दाखवायला उभे असाल, तर एवढं न विचारता सांगा: कोणता कान, कधीपासून, खोकला किती दिवसांचा, वजन उतरलंय का, आणि वेल्डिंगवर किंवा फाउंड्रीत किती वर्षं काढली. पूर्वी कॅन्सर झाला असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा.