पाणी लागेपर्यंत आत

माझे सासरे तरुणपणी कोकणात विहिरी खणायचे. काळा पाषाण लागला की पहारीने भोक पाडायचे, सुरुंग ठासायचा आणि फुटलेला दगड घमेल्याने वर द्यायचा. म्हातारपणी बोळिंजच्या आमच्या खोलीत बसून ते सांगत, "पाणी लागेपर्यंत आम्ही आत. पाणी लागलं की आम्ही बाहेर." ज्या विहिरीत ते महिनोन्‌महिने उतरले, तिचे पाणी वरून कुणी ओंजळीत ओतले तरच त्यांना मिळे.

2018 साली आमच्या धाकट्याला अंधेरीला, मरोळ नाक्यावर, भुयारी मेट्रोच्या स्टेशनात सळई बांधायचे काम मिळाले. रात्रपाळी. संध्याकाळी विरारहून लोकल पकडायची, सकाळी परत. घरी यायचा तेव्हा केस सिमेंटने पांढरे झालेले असत. मी विचारायची, "किती खोल रे?" तो हसायचा, "आपली चाळ आख्खी मावेल, आई." त्यांच्या डोक्यावर रस्ता, आणि रस्त्याच्याही वर 2014 पासून पुलावरून धावणारी पहिली मेट्रो!

बोगदा खणणाऱ्या यंत्रांना महाराष्ट्रातल्या नद्यांची नावे दिली होती. त्यात एक वैतरणा. विरारच्या पुढची आपली नदी. शेजारीण म्हणाली, "मेल्यावर ओलांडायची ती वैतरणा!" आपण असले काही मानत नाही. पण आईचेच काळीज ते, त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याचे काम संपले. ठेकेदाराने हिशेब करून पास काढून घेतला. आठ दिवसांनी हा राहिलेला डबा आणायला गेला, तर वॉचमनने फाटकातूनच परत पाठवले. जेवताना तो गप्प होता. मला सासऱ्यांचे शब्द आठवले.

7 ऑक्टोबर 2024 ला आरे ते बीकेसी गाडी लोकांसाठी सुरू झाली. ऑक्टोबर 2025 पासून ती थेट कफ परेडपर्यंत, 33.5 किलोमीटर जाते. एका रविवारी मी म्हटले, "चल, दाखव तुझं स्टेशन." दहा-दहा रुपयांची तिकिटे काढली. सरकत्या जिन्यावर मला भीती वाटली, त्याने हात धरला. खाली चकचकीत फरशी, गार हवा. एका खांबावर हात ठेवून तो म्हणाला, "ह्याच्या पोटात माझी सळई आहे." आता ती कुणाला दिसणार नाही. त्याचे नावही कुठल्या पाटीवर नाही. यंत्राला नाव मिळाले, माणसाला नाही.

पण त्या जिन्यावर आम्हाला कुणी अडवले नाही. कुणी कोण, कुठले, विचारले नाही. विमानतळापर्यंत एकच स्टेशन गेलो, शेजारी सुटाबुटातला माणूस बसला होता. हे सासऱ्यांना पाहायला मिळायला हवे होते.

ही गाडी बोळिंजला येत नाही. आम्ही अजून विरार लोकललाच लोंबकळतो. तरी मायबहिणींनो, तुमच्या घरातल्या कुणी असे काही बांधले असेल, तर एकदा त्याचा हात धरून तिथे जा. निदान घरच्यांनी तरी त्याला विचारावे, "यातलं तुझं कुठलं?"