रसग्रहण

'रसग्रहण' हा शब्द मी गेली वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्याचा खरा धडा मात्र परवा मला दिंडोरी तालुक्यात, एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओसरीवर मिळाला.

हा मुलगा द्राक्षबागायतदाराचा. पावसावरच्या एका कवितेचे रसग्रहण करा म्हटले, तर त्याने गारपिटीत आडवी झालेली वडिलांची बाग लिहिली होती. मी तांबड्या शाईने 'विषयांतर' असा शेरा मारून १० पैकी २ गुण दिले. आता तो वाइनच्या कारखान्यात चव पारखण्याचे काम करतो.

"सर, एकच घोट घ्या. नाही आवडली तर ठेवून द्या."

पेल्यात शार्दोने होती; सोनेरी, ओकच्या पिंपात मुरलेली. आमच्या घरात मद्याचे नावही कुणी काढीत नसे. मी भीतभीत घोट घेतला. गारवा आणि थोडा आंबटपणा, एवढेच कळले.

"फ्रिजमधली आहे, सर. १०-१२ अंशांवर येऊ द्या, मग बोलेल ती."

तोवर तो सांगत बसला. ही वेल मूळची फ्रान्समधल्या बर्गंडीची. तिकडे तोडणी साधारण सप्टेंबरात. आपल्याकडे ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि हिवाळा सरता सरता तोडणी. हिरव्या सफरचंदात असते तसले करकरीत आम्ल जिवाणू खातात आणि त्याचे दुधातले सौम्य आम्ल करतात. तेव्हाच लोण्याचा वास येतो. आणि अंगाने भरलेली वाइन म्हणजे? "साय काढलेलं दूध आणि सायीचं दूध, सर. जिभेवरचं वजन."

एवढ्यात त्याच्या आईने ताट वाढले. मी भाकरीला ठेचा लावला, वर घोट घेतला आणि घशापर्यंत जाळ उठला. मिरचीवर मद्य अधिकच झोंबते.

"ठेचा राहू द्या बाजूला, सर. हा कीस घ्या," त्या हसत म्हणाल्या.

तुपावर परतून दुधात शिजवलेला मक्याचा कीस! कणसाची गोडी आणि वाइनमधले लोणी यांची जुनी ओळख असावी. एखादी हलकी वाइन इथे पाण्यासारखी लागली असती. ही किसाला पुरून उरली.

"कसं वाटलं, सर?"

मी वर्गातला आवाज काढला, "आस्वादाच्या दृष्टीनं पाहता..."

"ते नको, सर. काय आठवलं ते सांगा."

आठवली ती आई. लोणी कढवले की तळाशी राहिलेली बेरी ती साखर घालून माझ्या तळहातावर ठेवी. तोच खमंग, किंचित करपट वास पेल्यात होता. जिने ही बाटली उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती, तीच. तिला जाऊन ११ वर्षे झाली. मी सांगत गेलो, बराच वेळ सांगत राहिलो. थांबलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "विषयांतर नाही ना झालं, सर?"

मला उत्तर सुचले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सत्रपरीक्षेचा गठ्ठा घरी आला आहे. यंदा तो शेरा लिहिण्याआधी मी उत्तर दोनदा वाचतो.