ट्रायथलॉनची तयारी आणि आपलं ताट

"डॉक्टर, एवढी सायकल मारता, मग खाता काय?" हा प्रश्न ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी येतोच. मी एखादी महागडी पावडर घेत असणार, असं विचारणाऱ्याला वाटत असतं. भाकरी, भात, दूध, अंडी, शेंगदाणे, गूळ, केळी असं उत्तर ऐकलं की चेहरा जरा उतरतो. पण किती खायचं आणि केव्हा खायचं, यातच सगळी गोम आहे. म्हणून आज त्याविषयी सविस्तर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. पोहणं, सायकल आणि धावणं लागोपाठ करायचं, म्हणजे ट्रायथलॉन. त्यातली सर्वांत प्रसिद्ध 'आयर्नमन' १९७८ मध्ये हवाई बेटांवर सुरू झाली. ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि वर ४२.२ किमी धावणं. २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचला ती पूर्ण केली आणि आपल्याकडे घरोघरी तिचं नाव झालं. हिचं निम्मं अंतर म्हणजे ११३ किमी. ती शर्यत २०१९ मध्ये गोव्यात मिरामारला झाली आणि आम्हा कोल्हापूरकरांना एकदम हाताशी आल्यासारखी वाटली. माझी तयारी या निम्म्या अंतराची आहे. मलकापूरहून आंब्याकडे सायकल, गावाबाहेर धावणं आणि पोहायला मात्र कोल्हापूर गाठायचं.

आता शरीरात काय होतं ते बघू. आपण खाल्लेल्या भाकरी-भाताची साखर होते आणि तिचा साठा स्नायूंत व यकृतात राहतो. हा साठा सगळा मिळून साधारण पाचशे ग्रॅमचा. दमदार व्यायामात दीड-दोन तासांत तो बराच खाली येतो. मग पाय जड होतात, डोकं चालेनासं होतं, चिडचिड होते. चरबी पोटावर कितीही असली तरी ती तेवढ्या वेगाने जळत नाही. म्हणून लांबच्या व्यायामात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. दोन केळी किंवा एक केळं आणि गुळाचे दोन-तीन खडे, झाला तासाचा हिशोब. शेंगदाणे मात्र घरी आल्यावर. त्यातलं तेल पचायला वेळ लागतो आणि धावताना पोट ढवळतं.

प्रथिनांचं गणित वेगळं. असा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम लागतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ८५ ते ११० ग्रॅम. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात. एका वाटी आमटीवर हे भागत नाही, आणि वय वाढतं तसं स्नायू टिकवणं अवघड होत जातं.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांची गडबड इथेच होते. पोट कमी करायचं म्हणून व्यायाम दुप्पट आणि जेवण निम्मं. त्यात सोमवार, एकादशी, आणि मोबाइलवर पाहिलेला सोळा तासांचा उपास. सुरुवातीला वजन उतरतं, लोक कौतुक करतात. मग सारखी सर्दी, झोप मोडणं, पिंडरीचं दुखणं. शरीराला रोजच्या दुरुस्तीसाठी ऊर्जाच उरत नाही, तेव्हा ते एकेक खातं बंद करतं. पुरुषांत हार्मोन घटतात, हाडांना बारीक तडे जातात. बायकांची पाळी लांबते किंवा थांबते. 'व्यायाम जास्त झाला म्हणून असेल' असं म्हणून ते सोडून देऊ नका, लगेच दाखवा. आपल्या तालमीत मेहनत आणि खुराक यांचा विचार एकत्रच होतो. पैलवानाएवढं तूप आपल्याला झेपणार नाही, पण ती शिस्त उचलण्यासारखी आहे.

ताटाइतकीच झोप आणि घरची काळजी मोजावी लागते. मागच्या आषाढात आई घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पुढचे दोन महिने रात्री दोन-तीनदा उठावं लागे. सकाळी अंथरुणात मोजलेली माझी नाडी एरवी ५६ असते, ती ६५ च्या वर राहू लागली. शरीराला विश्रांती पुरत नसल्याची ही साधी खूण, घड्याळ लावून कुणालाही पाहता येते. मी आठवड्याचे नऊ तास पाचांवर आणले, लांबची सायकल बंद केली आणि जेवण आहे तेवढंच ठेवलं. त्या वर्षी गोव्याचा फॉर्म भरला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण अपुऱ्या झोपेत भूक भलतीकडे पळते, साखरेचं नियंत्रण बिघडतं आणि दुखापती वाढतात. पन्नाशीनंतर ते भरून यायला वेळ लागतो. शिवाय आईला वॉकर धरून चालवायला घरात धडधाकट माणूस हवा होता.

पाण्याबद्दलही सांगायला हवं. 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला इथे जसाच्या तसा लागू नाही. चार-पाच तास घाम गाळताना नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस बरळू लागतो, कधी फिटही येते. तहानेप्रमाणे प्या. गोव्यासारख्या दमट हवेत मीठ असलेलं पेय, अगदी साधं ओआरएस, सोबत ठेवा. आणि पाय दुखू नयेत म्हणून शर्यतीआधी वेदनाशामक गोळी मुळीच घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडावर ती घाला घालते.

चाळिशीनंतर अशी तयारी सुरू करणाऱ्यांनी आधी रक्तदाब, साखर, ईसीजी पाहून घ्यावा. छातीत दडपण किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल तर पुढच्या तपासण्याही लागतील. मधुमेहींनी जास्त सावध राहावं. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर सकाळच्या लांब सायकलनंतर रात्री झोपेतही साखर उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर उपास आणि लांबचा व्यायाम एकत्र आले तर रक्तात आम्ल वाढू शकतं, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर घामाच्या दिवसाचा विचार वेगळा करावा लागतो. स्वतःहून काही बंद करू नका. पुढच्या भेटीला येताना गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा, आणि आठवड्यात कोणत्या दिवशी किती तास व्यायाम करता तेही कागदावर लिहून आणा.