आईचा पाटा आणि हिमालय



आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. थोरली बेर्शेबात, धाकटी दिमोनात. आठवणी दोघींच्या, म्हणून लेखही दोघींनी मिळून लिहिला आहे. जिथे एकमत झालं नाही ते तसंच ठेवलं आहे. विषय आईच्या पाट्याचा, पण तो पाटा आम्हांला थेट हिमालयापर्यंत घेऊन गेला.

१९६४ साली आम्ही इथे आलो तेव्हा थोरली एकवीस वर्षांची, धाकटी पंधराची. विमानात किलो किलो मोजून सामान घ्यायचं होतं. आईने पितळेची भांडी मामीला देऊन टाकली, पण पाटा-वरवंटा काही सोडीना. वडील म्हणाले, "अगं, इस्राएलमध्ये काय दगड नाहीत?" आई म्हणाली, "असतील. पण माझा हात या दगडाला बसलाय." शेवटी पाटा गोधडीत बांधून आला. बेर्शेबाच्या तिसऱ्या मजल्यावर आई खोबरं-कोथिंबीर वाटायला बसली की खालची मोरोक्कोची बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. पुढे तीच वाटीभर वाटण मागायला येऊ लागली. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावायला इथे कोण येणार? वडीलच छिन्नी-हातोडी घेऊन बसत आणि दर वेळी बोट ठेचून घेत.

आई गेली, मिक्सर आला, पाटा गच्चीत कुंडीखाली गेला.

गेल्या हनुक्कात धाकटीची नात आली. ती दगडांचा अभ्यास शिकते. कुंडी बाजूला सारून ती पाट्यासमोर उकिडवी बसली आणि ओरडली, "सवता, हा तर दख्खनचा बझेलेत! याच्यात सहा कोटी वर्षांपूर्वीची दिशा साठवलेली आहे!" आम्हांला वाटलं, पोरगी थट्टा करते. मग तिने समजावलं ते आमच्या भाषेत असं.

कोकण, घाट, देश, सगळीकडचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून तो थरावर थर वाहत राहिला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. या दगडात मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. दगड तापलेला असताना त्यांना चुंबकपण टिकवता येत नाही. निवत निवत ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला की त्या वेळी पृथ्वीचं चुंबकत्व जिकडे असेल तिकडे कणांची दिशा ठरते आणि तशीच गोठून राहते.

मुलांनो, एक सुई मधोमध दोऱ्याने टांगून तिला चुंबक केलं, तर विषुववृत्तावर ती आडवी राहील, ध्रुवावर सरळ उभी आणि मधल्या ठिकाणी कमीजास्त कललेली. म्हणजे सुई किती कलली आहे यावरून आपण विषुववृत्तापासून किती दूर आहोत ते कळतं. दगडातली गोठलेली सुईही तेच सांगते, फक्त दगड जन्मला त्या दिवसाचं.

१९५० नंतरच्या दशकात लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या ब्लॅकेट यांच्या गटाने दख्खनचे दगड मोजले. ब्लॅकेट म्हणजे १९४८ चे नोबेलवाले. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांचा भारतातल्या दगडांवरचा लेख १९५६ साली आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनीही हेच काम केलं. सगळ्यांचे दगड एकच सांगत होते: लाव्हा वाहिला तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे ३० अंशांवर होती. आज मुंबई उत्तरेला १९ अंशांवर आहे. म्हणजे पाच हजार किलोमीटरहून जास्त प्रवास! शिवाय वाटेत देश सुमारे २५ अंश डाव्या अंगाला वळलाही. बहुतेक थरांत तर उत्तर-दक्षिण उलटीच आहे, कारण तेव्हा पृथ्वीचेच चुंबकीय ध्रुव उलटे होते. त्या काळी खंड सरकतात हे मानायला पुष्कळ विद्वान तयार नव्हते.

थोरलीने विचारलं, "एवढं धावत सुटलेलं थांबलं कुठे?" नात म्हणाली, "थांबलं नाही. धडकलं." तिबेटाकडे ल्हासाजवळ जुन्या ज्वालामुखींचे दगड आहेत. त्यांतली सुई सांगते की सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाची ती कड २० अंशांच्या आसपास होती, असं बऱ्याच मोजमापांत निघतं. ल्हासा आज जवळजवळ ३० अंशांवर आहे. दक्षिणेकडून भारत आला, आशियाची कड रेटत गेला आणि मधली जमीन चुरगळून, एकावर एक चढून हिमालय उभा राहिला. भारत अजूनही वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेला सरकतो आहे. (आम्ही शाळेत सह्याद्री आणि हिमालय एकाच दमात पाठ केले होते. सह्याद्री तसा चुरगळलेला नाही. तो लाव्ह्याच्या पठाराची तुटलेली कड आहे.)

आणखी एक गंमत. कणकेत तीळ घालून दोन्ही बाजूंनी दाबलं तर तीळ एका रांगेत येतात. पर्वत दाबला जाताना दगडातले कणही तसेच रांग धरतात. डोळ्यांना दिसत नाही, पण यंत्रावर दगड फिरवून फिरवून मोजला की दाब कुठून आला ते समजतं. मात्र पर्वत लबाडीही करतो. त्याच्या उष्णतेने आणि नव्या खनिजांनी जुनी आठवण पुसून वर दुसरी लिहिली जाते. हिमालयातल्या काही चुनखडकांनी शास्त्रज्ञांना असं फसवलं आहे. म्हणून प्रयोगशाळेत दगड थोडा थोडा तापवून वरचं लिखाण एकेक थर काढतात. यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठात अशी प्रयोगशाळा आहे.

हे सगळं ऐकून आम्हांला मोठा हुरूप आला. आम्ही म्हणालो, "मग आमच्या पाट्याचं मोज की! तुकडा काढलास तरी चालेल. आईने परवानगी दिली असती." (थोरलीच्या मते आईने लाटणं उगारलं असतं.)

नात गप्प झाली. मग म्हणाली, "सवता, उपयोग नाही."

दगड डोंगरातून काढण्याआधी त्याच्यावर खूण करावी लागते. अडीच सेंटीमीटर जाडीची कांडी पाणी सोडत ड्रिलने कापतात. ती अजून डोंगराला चिकटलेली असतानाच उत्तर कुठे, वर कुठे, किती अंश तिरकी, हे सगळं तिच्यावर रेघ मारून लिहितात. काळा दगड होकायंत्रालाही चकवतो, म्हणून सूर्याच्या सावलीवरून उत्तर काढतात. ही रेघ राहिली आणि दगड उचलला की संपलं. आठवण आत शाबूत असते, पण ती कुठे बोट दाखवते ते कोणालाच सांगता येत नाही. पाथरवटाने आमचा दगड कुठल्या खाणीतून, कुठल्या कुशीने काढला, कोणाला ठाऊक?

आम्हांला ते लागलं. २००९ साली आम्ही दोघी आमच्या गावी गेलो होतो. आडनावातला 'कर' होता म्हणून गाव तरी सापडलं. विहीर सापडली. घराच्या जागी मात्र दुसऱ्यांचं सिमेंटचं घर होतं, आणि आमची ओटी रस्त्याकडे होती की वाडीकडे यावर आम्ही तिथेच भांडलो. वडिलांना विचारायचं राहूनच गेलं होतं.

नातीने मग खडू घेतला. म्हणाली, "डोंगरातलं नाही तर नाही, स्वयंपाकघरातलं सांगा. पाटा कसा मांडलेला असायचा? आजी कुठे तोंड करून बसायची?"

थोरली म्हणाली, पूर्वेला, खिडकीतून ऊन यायचं. धाकटी म्हणाली, छे, मागल्या दाराकडे, कारण मांजर आत आलं की आई वरवंटा आपटायची, ते अजून कानात आहे. थोरली म्हणाली, मांजर बेर्शेबातलं. धाकटी म्हणाली, बेर्शेबात तिसऱ्या मजल्यावर मांजर कसं येईल?

नातीने पाट्याच्या पाठीवर दोन बाण काढले आणि दोघींची नावं लिहिली. लोदला आमची आतेबहीण असते, आमच्यापेक्षा वयाने मोठी. तिला फोन लावला, तर ती झोपली होती. रविवारी पुन्हा लावणार आहोत.