मागची रांग

बारावीला नापास झालो त्या उन्हाळ्यात, १९८३ साली, वडिलांनी मला विट्याला मामाच्या फोटो स्टुडिओत नेऊन सोडलं. स्टुडिओ म्हणजे एक खोली, रंगवलेला पडदा, दोन दिवे आणि मागं अंधारखोली. मामा म्हणाला, "आधी झाडू मार. मग बघू."

दिवाळीनंतर त्यानं कॅमेरा हातात दिला. याशिका मॅट १२४ जी. एकाखाली एक अशी दोन भिंगं. वरचं बघायला, खालचं फोटो काढायला. कॅमेरा पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. काचेत माणूस उभाच दिसतो, पण डावं-उजवं उलटं. माणूस एकीकडं सरकला की मी कॅमेरा भलतीकडंच वळवायचो. मामा हसायचा, "नव्या खोंडागत करतोयस लेका. जू बसंल हळूहळू."

मग त्यानं दोन निगेटिव्ह शेजारी ठेवल्या. "ही ३५ एमएमची. ही आपली, १२० नंबरच्या रोलची. ह्याला मिडियम फॉरमॅट म्हणत्यात." ३५ एमएमचं चित्र ३६ बाय २४ मिलिमीटर, आपलं जवळजवळ ५६ बाय ५६. म्हणजे साडेतीनपटीहून जास्त जागा. "एक एकर रान आन साडेतीन एकर रान. पीक कुठं जास्त निघंल? मोठी निगेटिव्ह म्हंजे जास्त रान. बारीकसारीक समदं तिच्यात मावतं."

हा रोल तसा गावाला नवा नव्हता. बऱ्याच घरांत अग्फा क्लिक थ्री असायचा, त्यातही हाच. फिल्मच्या पाठीला कागद असतो, डबी नसते. म्हणून भरायचा तो सावलीत, कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी जुळवून. संपला की घट्ट गुंडाळून चिकटपट्टी लावायची, नाहीतर कडेनं उजेड शिरतो. आणि एका रोलमध्ये फोटो फक्त बारा. हळद, अक्षता, पाठवणी, सगळं लग्न बारात बसवायचं. त्यामुळं बटण दाबायच्या आधी विचार करायची सवय लागते.

एक गोष्ट मात्र मामानं चारदा सांगितली होती. ह्या कॅमेऱ्याचं भिंग लांब पल्ल्याचं, ८० एमएमचं. अॅपर्चर मोठं ठेवलं तर पुढचा माणूस स्वच्छ येतो आणि मागचा पुसट. रांगा असतील तर अॅपर्चर बारीक करायचं, ११ वर न्यायचं. उजेड कमी असला तर शटर हळू ठेवायचं, कॅमेरा स्टँडवर चढवायचा आणि माणसांना सांगायचं, हलू नका. "आन काचेवरचं बारकं भिंग उचलून मागची रांग बघायची. पुढच्यांस्नी बघायला समदे असत्यात."

वैशाखात आमच्याच गावात लग्न होतं. मामा दुसऱ्या लग्नाला गेला आणि मला एकट्याला पाठवलं. गोरज मुहूर्त. अक्षता पडल्या तेव्हा दिवस मावळतीला आलेला. रोलमध्ये शेवटचा फोटो उरला होता आणि चाळीसेक माणसं तीन रांगांत उभी. स्टँड मंडपात पडला होता. कोण आणायला जाणार? अॅपर्चर ४ वर, शटर एक साठांश, कॅमेरा हातातच. तेवढ्यात मळ्यातल्या नानीचा धाकटा पळत आला. सोळा वर्षांचा. मागच्या रांगेच्या टोकाला, बैलगाडीच्या जुवावर पाय देऊन उभा राहिला आणि ओरडला, "मी दिसतोय का?"

"दिसतोयस, दिसतोयस," म्हणालो. काचेत बघितलंच नाही. बटण दाबलं.

आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आषाढात नानीचा पोरगाही पाहुण्याबरोबर केरळात गेला. पुढच्या वर्षी पावसाळ्यात तार आली. तापानं गेला होता. सगळं तिकडंच उरकलं.

नानी एसटीनं विट्याला आली. भिजलेल्या लुगड्यानं दारातच उभी राहिली. "बाळा, माझ्या पोराचा एखांदा फोटू असंल का रं?"

मामानं बटरपेपरच्या पाकिटातून ती निगेटिव्ह काढली. पोराचं तोंड बाजरीच्या दाण्याएवढं होतं. एन्लार्जरचं डोकं टेबलाबाहेर फिरवलं, पायावर विटा ठेवल्या, कागद खाली जमिनीवर मांडला. लाल दिव्यात, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये ते तोंड हळूहळू वर आलं. कपाळ आलं, विस्कटलेले केस आले. तोंड उघडं होतं. डोळे मात्र नुसत्या सावल्या.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "३५ची निगेटिव्ह असती तर एवढंबी आलं नसतं. आन तू भोक बारीक केलं असतंस, तर डोळं आलं असतं."

मी म्हणालो, "पेन्सिलनं रिटच करून डोळे काढायचे का?"

"नाय. अंदाजानं काढलेलं डोळं त्याचं नसत्यात. त्या माउलीला कळंल."

नानीनं फोटो दोन्ही हातांत धरला. ओला होता, तरी पदरानं पुसला. "हसतोय बघ," म्हणाली.

तो हसत नव्हता. तो मला विचारत होता. ते मी तिला सांगितलं नाही, अजूनही कुणाला सांगितलं नव्हतं.

आता शहरातली तरुण पोरं जुना कॅमेरा घेऊन माझ्याकडं येतात. मी सांगतो, भिंगात बुरशी आहे का ते उजेडाकडं धरून बघा. शटर एक सेकंदावर लावून त्याचा आवाज ऐका. अडखळत असेल तर घेऊ नका. पहिला रोल घरच्यांवर, दिवसाउजेडी, स्टँडवर काढा. आणि समोर रांगा असतील तर काचेवरचं बारकं भिंग उचलून शेवटच्या रांगेतलं एकेक तोंड बघा.

मी अजून तसंच करतो. लोक कंटाळतात, पण थांबतात.