थांबा, अण्णा मागे आहेत

आमच्या घरात नवी वस्तू अशी येतच नाही. ती आधी पुण्याला थोरल्या भावाकडे येते, तिथे यथास्थित जुनी होते आणि मग खोक्यात बसून नाशिकला येते. आमचा फ्रिज असा आला, मिक्सर असा आला, चिरंजीवांची सायकलही अशीच आली. गेल्या मे महिन्यात याच परंपरेने ‘प्लेस्टेशन तीन’ नावाचे यंत्र आले. पुतण्याने नवे घेतले होते. सोबत दोन रिमोट, मारुतीच्या शेपटीएवढ्या वायरी आणि एकच तबकडी. लेगोच्या ठोकळ्यांच्या माणसांचा ‘इंडियाना जोन्स’. खेळ २००८ सालचा. आमच्या घराच्या हिशेबाने अगदी ताजा माल म्हणायचा.

इंडियाना जोन्स हे प्रकरण मला ठाऊक होते. डोक्यावर हॅट, हातात चाबूक आणि पेशाने पुराणवस्तूंचा प्राध्यापक. आमच्या कॉलेजातले प्राध्यापक हातात खडूसुद्धा नाइलाजाने धरत, त्यामुळे त्या वयात या माणसाविषयी मला फार आदर वाटे. १९८१, १९८४ आणि १९८९ साली आलेल्या पहिल्या तीन सिनेमांवर हा खेळ बेतलेला आहे. तो दोघांनी मिळून एकाच पडद्यावर खेळायचा. रिमोट दोन आणि माणसे पाच, म्हणजे भांडणाची सोय यंत्रातच केलेली होती.

पाचवे माणूस म्हणजे आमचे अण्णा. वय अठ्ठ्याहत्तर. एका शाळेत तीस वर्षे भूमिती शिकवून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडले, खुब्याचे ऑपरेशन झाले आणि तेव्हापासून हातात काठी आली. काठीबरोबर एक वाक्यही आले. “तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून.” लग्नाला निघालो की हे वाक्य. रामकुंडावर गेलो की हे वाक्य. आणि आता खरे सांगायचे तर, आम्ही होत होतो पुढे. ते कार्यालयाच्या दारात पोचेपर्यंत आमची जिलबी संपत आलेली असे. कुणाला त्यात काही वावगे वाटत नव्हते, अगदी अण्णांनाही. निदान ते तसे म्हणत नव्हते.

पहिल्या दिवशी ते नुसते खुर्चीत बसून बघत होते. दहा मिनिटांनी म्हणाले, “ही माणसं बोलत का नाहीत रे? आवाज बंद आहे का?”

आवाज बंद नव्हता. या जुन्या लेगो-खेळांतली माणसे बोलतच नाहीत. हातवारे करतात, भुवया उडवतात, फार झाले तर ‘अं’, ‘हं’, ‘ऊं’ करतात. सगळी गोष्ट खुणांनी कळते. त्यांना वाचा फुटली ती २०१२ सालच्या एका बॅटमनच्या खेळात.

“म्हणजे मूकपट,” अण्णा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

मूकपट हा शब्द नाशिककराच्या तोंडी आला की पुढे दादासाहेब फाळके येणार हे ठरलेले. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेला आणि १९४४ साली नाशिकलाच गेलेला हा माणूस आमच्या अण्णांना शेजारच्या वाड्यातल्या काकांसारखा वाटतो. ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला तयार झाला आणि १९१३ साली गिरगावात कॉरोनेशन थिएटरात लागला, हे खरे. पण नंतर त्यांनी बिऱ्हाड आणि कॅमेरा दोन्ही नाशिकला हलवले, हे अण्णा अशा थाटात सांगतात की जणू सामान उतरवून घ्यायला तेच गेले होते.

“आणि तो सिनेमासुद्धा असाच घरच्यांनी मिळून केलेला,” ते म्हणाले. “मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. बायको, सरस्वतीबाई, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायची आणि रात्री फिल्मला भोकं पाडायची. उन्हात पांढरी चादर धरून उभी राहायची ती वेगळीच. तुमच्यासारखं एक खेळतोय आणि चौघं मोबाईल बघताहेत असं नव्हतं.”

हा टोला सर्वांना उद्देशून होता, म्हणून कुणीच घेतला नाही. पण सईने, म्हणजे आमच्या कन्येने, उठून आपला रिमोट त्यांच्या हातात दिला. सई जुलैमध्ये पुण्याला इंजिनिअरिंगला जाणार होती. त्या महिन्यात तिचे वागणे एकूणच संशयास्पद वाटावे इतके चांगले होते.

रिमोटवर चार बटणे. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ आणि फुली. अण्णांना जुने विद्यार्थी भेटल्यासारखे झाले. चौकोन म्हणजे मारणे, फुली म्हणजे उडी, वर्तुळ म्हणजे मोडके ठोकळे जोडणे, हे त्यांनी एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून घेतले. त्रिकोणाने मात्र घात केला. त्रिकोण दाबला की आपण जो माणूस असतो तो सुटतो आणि शेजारचा माणूस आपण होतो. दुसऱ्या सिनेमाच्या प्रकरणात अण्णांनी घाईत त्रिकोण दाबला आणि क्षणात ते झगा घातलेली विली नावाची गायिका झाले.

“अण्णा बाई झाले!” चिरंजीव कोचावरून खाली पडले.

“त्यात काय? हरिश्चंद्राची तारामती साळुंके नावाच्या पुरुषानेच केली होती. हॉटेलात कामाला होता तो. पुढे ‘लंका दहन’मध्ये तर तोच राम आणि तोच सीता. त्या काळी त्रिकोणसुद्धा नव्हता.”

या विलीबाईंच्या अंगी एकच कला. त्या किंचाळल्या की काच फुटते. हे काम आमच्या हिच्याकडे द्यावे असा प्रस्ताव मी मांडला. माझी रात्रीची पोळी त्या दिवशी जरा कडक आली.

हिचा मूळ रागच या दुसऱ्या सिनेमावर होता. त्यातल्या हिंदुस्थानी राजवाड्यात पाहुण्यांना माकडाचा मेंदू वाढतात. “असलं कोण खातं आपल्याकडे? यांना कुणी बोलावलं होतं नाशिकला एकदा मिसळ खायला?” भारत सरकारलाही ती पटकथा रुचली नव्हती, म्हणून त्या मंडळींनी आपला हिंदुस्थान श्रीलंकेत नेऊन उभा केला. खलनायक तेवढा अस्सल इकडचा, अमरीश पुरी. अर्ध्या बोटाएवढ्या ठोकळ्यातही अण्णांनी त्याला ओळखले आणि चौकोन दाबायचे सोडून जरा वेळ नुसते बघत राहिले.

खेळाची खरी गंमत पुढेच होती. दोघांना मिळून एकच पडदा असल्यामुळे एक माणूस मागे राहिला की दुसऱ्याला पुढे जाता येत नाही. पडदा सरकतच नाही. पुढचा कडेला आपटत राहतो आणि जागच्या जागी पाय हलवतो. आणि अण्णा तर मागे राहणारच. एक म्हणजे त्यांची उडी खड्ड्याच्या अलीकडे पडे किंवा थेट खड्ड्यात. दुसरे म्हणजे या खेळात दिसेल ते फोडले की नाणी सांडतात, चांदीची, सोन्याची, निळी. मुले सोन्याचे उचलून पळत. अण्णा चांदीचे एकेक वेचत.

“अण्णा, चला ना! मागून दगड येतोय!”

“चांदी टाकून पुढे जायचं? तुझ्या आजोबांची पेन्शन काय आहे माहीत आहे का तुला?”

आणि मग सवयीने ते वाक्य आलेच. “तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून.”

“होताच येत नाही ना पण!” चिरंजीव ओरडले.

अण्णांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि पडद्याकडे पाहिले. सईचा इंडियाना कडेला पाय आपटत त्यांच्यासाठी थांबला होता. “असं होय,” ते म्हणाले. पुढची उडी त्यांनी फार काळजीपूर्वक मारली. खड्ड्यातच पडले, पण काळजीपूर्वक.

पडले तरी तिथे माणूस मरत नाही. त्याचे ठोकळे सुटून उडतात, थोडी नाणी सांडतात आणि क्षणात तो पुन्हा जुळून उभा राहतो. अण्णांना हे फार आवडले. “हाडाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. नाणी सांडतात एवढं त्यांनाही जमलंय, जुळायला मात्र आठ महिने लागले.”

महिनाभर रोज रात्री साडेनऊला बैठक बसे. साप दिसले की हा शूर प्राध्यापक थरथर कापत जागीच उभा राही. मग अण्णा हमखास ‘कालिया मर्दन’ काढत. १९१९ सालचा, फाळक्यांची सहा-सात वर्षांची मंदाकिनी त्यात कृष्ण झालेली. “आपली पोर कालियाच्या फण्यावर नाचली, आणि हा अमेरिकेचा पीएच.डी. बघा.” आठवड्याभरात चिरंजीव हे वाक्य त्यांच्याआधी म्हणू लागले.

जूनच्या शेवटच्या रविवारी, सई जायच्या आधी, आम्ही पांडवलेण्याला गेलो. पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे अण्णांनी सगळ्यांना हिंडवले आणि मग वर बघत म्हणाले, लेणी किती वर्षांत पाहिली नाहीत. पायऱ्यांची त्यांना परवानगी होती, सावकाश. पंधरा-वीस पायऱ्या गेल्यावर मी नेहमीप्रमाणे पुढे होतो. क्षत्रप आणि सातवाहनांचे शिलालेख हिला समजावून सांगत होतो, ती नेहमीप्रमाणे ऐकत नव्हती. मागून हाक आली. अण्णा पायरीवर बसले होते, काठी मांडीवर आडवी.

“तुम्ही व्हा पुढे.”

चिरंजीव दोन पायऱ्या वर उभे होते. ते कडेला सरकले आणि जागच्या जागी पाय आपटू लागले. वरून सई उतरून आली आणि तिनेही तेच सुरू केले. खालून येणाऱ्या एका कुटुंबाने आमच्याकडे बघून मुलांना जवळ ओढले.

“कळलं, कळलं,” अण्णा म्हणाले. “थांबा मग जरा. माझे तुकडे झालेत. जुळले की उठतो.”

हिने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. मी तीन पायऱ्या उतरून त्यांच्या शेजारी बसलो. डबा फिरत माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यात शेंगदाणे उरले नव्हते. ते अण्णांनी एकेक वेचले होते.